आजीच्या स्मरण-उपासनेत पाच मिनिटं बोलायचंय, काय लिहू?

धाकटी_पाती:
शनिवारी आजीची स्मरण-उपासना आहे. घरच्यांच्या वतीनं मी बोलायचं ठरलंय, पाळकांनी पाच मिनिटं दिली आहेत. चोपन्न वर्षांचा संसार, तीन मुलं, सात नातवंडं, आणि आजोबा पहिल्या बाकावर समोरच असणार. कागदावर अजून 'प्रेमळ, सोशिक, प्रार्थनाशील' एवढंच उतरलंय, खाली बायबलमधला नीतिसूत्रे ३१, सद्गुणी स्त्रीचं वर्णन असलेला अध्याय. प्रसंग किती घ्यावेत, आणि ते शोधायचे कुठे?

जुनी_वही:
ते तीन शब्द आधी खोडा. खोटे आहेत म्हणून नव्हे, कुठल्याही आजीला बसतात म्हणून. 'प्रार्थनाशील' म्हणण्याऐवजी ती केव्हा, कुठे बसून, कोणाकोणाची नावं घेऊन प्रार्थना करायची ते लिहा. नावांचा क्रम ठरलेला असेल तर तो क्रमच सांगा. समोरचा प्रत्येक जण आपलं नाव कितवं ते मोजेल.

हिशेब असा: जड मनानं, सावकाश बोलताना मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. पाच मिनिटांचे ५००, पण गळा दाटला की थांबावं लागतं, म्हणून ४५० वर आवरा. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मुलं हे सगळं ७० शब्दांत बसवा. मग तीन प्रसंग, प्रत्येकी ११०: एकात ती बायको, एकात आई, एकात आजी. उरलेल्यात वचन आणि निरोप.

नातेवाइकांना 'आजीबद्दल काहीतरी सांगा' म्हणू नका, 'फार प्रेमळ होती' यापलीकडे काही हाती लागत नाही. नेमकं विचारा: तिला राग कशाचा यायचा? तुम्ही आजारी असताना ती रात्री काय करायची? तिनं कोणाची माफी मागितलेली आठवते का? आजोबांना एकटं असताना विचारा, आणि प्रश्न एकच: लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कशावरून बिनसायचं?

आणि तिचं बायबल मागून घ्या. मिटलेलं पुस्तक कडेनं पाहा. सारखी उलटलेली पानं काळपट आणि मऊ झालेली असतात, बाजूनं त्याचा चक्क पट्टा दिसतो. तिथे उघडा. समासात एखादी तारीख, नाहीतर नुसती आद्याक्षरं असतात. पेन्सिल पुसट झाली असेल तर खोलीतला दिवा घालवून टॉर्च पानाला जवळजवळ आडवा टेकवून धरा. शिशाची खाच सावलीमुळे वाचता येते. पान सपाट व्हावं म्हणून पुस्तक दाबू नका, जुनी शिवण सुटते. आत चिठ्ठी सापडली तर काढण्याआधी पानासकट फोटो घ्या. ती कुठल्या वचनापाशी ठेवली होती, हेच कित्येकदा चिठ्ठीतल्या मजकुराहून जास्त सांगून जातं.

तारखा मात्र आठवणीवर सोडू नका. जन्माच्या आणि बाप्तिस्म्याच्या तारखेत गल्लत हटकून होते. चर्चच्या नोंदवहीशी ताडून घ्या.

ओवी_अर्थ:
नीतिसूत्रे ३१ घ्या, पण १० ते ३१ सगळं नको. त्या २२ ओव्या आहेत, वाचण्यातच निम्मा वेळ जाईल. मुळात ती हिब्रू वर्णमालेवर रचलेली कविता आहे, २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराची एक ओवी. म्हणून ती एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारते, आणि म्हणूनच मधल्या दोन-तीन उचलल्या तरी तुटक वाटत नाही. लोक नेमक्या घरकामाच्या ओव्या निवडतात. तीच बाई १६ व्या ओवीत शेत पारखून विकत घेते, २० व्यात गरिबाला हात देते, २६ व्यात शहाणपणाचं बोलते. आजी घरचा पैसा सांभाळत असेल तर १६ वीच घ्या.

आजीसाठी त्याहून नेमकं २ तीमथ्य १:५ आहे. तिथे पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाचा उल्लेख येतो. नव्या करारात 'आजी' हा शब्द फक्त इथेच आहे. एक सावधगिरी: चर्चला न येणारी नातवंडं समोर असतील तर हे वचन टोमण्यासारखं लागतं. वाचून पुढे सरका, 'आता आपण...' सुरू करू नका.

आजी शिवण, विणकाम असं काही करत असेल तर प्रेषितांची कृत्ये ९:३९. गरिबांना मदत करणारी शिष्या टबीथा वारल्यावर विधवा रडत तिनं केलेले अंगरखे आणि वस्त्रं पेत्राला दाखवतात, कोणी तिचे गुण सांगत बसत नाही. तुम्हीही एखादी वस्तू हातात धरू शकता. एकच.

वेदीजवळ:
इथे पाळक आणि स्मरण-उपासना आहे, म्हणजे प्रोटेस्टंट चर्च दिसतंय, त्यामुळे घरच्यांनी बोलायला अडचण नाही. पण कॅथलिक वाचकांसाठी: अंत्यविधीच्या मिस्सात (कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेत) प्रवचनाच्या नावाखाली मृताचं गुणगान चालत नाही. रोमन मिस्सा ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत कलम ३८२ त्यासाठीच आहे. घरचं कोणी बोलणार असेल तर कम्युनियननंतरची (पवित्र भाकर घेतल्यानंतरची) प्रार्थना झाल्यावर, अंतिम निरोपाच्या आधी, आणि थोडक्यात. जास्त बोलायचं असेल तर आदल्या संध्याकाळची जागरण-प्रार्थना त्याला बरी. फादरना मजकूर आधी दाखवा.

धाकटी_पाती:
खूप उपयोग झाला. आणखी एक: आजी कडक होती. थोरल्या काकांशी दोन वर्षं बोलत नव्हती. हे गाळलं तर ऐकणाऱ्यांना कळेलच.

जुनी_वही:
कडकपणा सांगा, भांडण सांगू नका. 'उशिरा आलेल्याला ती दार उघडायची, पण बोलायची नाही' असं एक वाक्य पुरतं. हसू येतं आणि सगळ्यांना पटतं. ज्या प्रसंगात जिवंत माणसाचं नाव येतं तो त्याच्या होकाराशिवाय घेऊ नका, म्हणजे काकांना आजच फोन.

सात नातवंडांची नावंही वाचू नका. एखादं सुटतं आणि ते वर्षभर ऐकावं लागतं. 'सात' म्हणा, पण आकडा आजोबांना विचारून. तान्हेपणी गेलेलं एखादं मूल तिनं आयुष्यभर मोजलेलं असू शकतं.

चष्मा_घरी_राहिला:
मोबाइलवरून वाचू नका, नेमका तेव्हाच पडदा विझतो. १६ पॉइंट अक्षर, कागदाच्या एकाच बाजूला, आणि मजकूर पानाच्या वरच्या दोन-तृतीयांशातच. खालपर्यंत गेला की मान खाली जाते आणि आवाज माइकमधून निसटतो. पानांना ठळक आकडे घाला, पिना मारू नका. दुसरी प्रत पहिल्या बाकावरच्या भावंडाकडे. दहा सेकंद थांबलात तर त्यानं न बोलावता उठून पुढचं वाचायचं, हे आधी ठरवून टाका.

ज्या वाक्यावर रडू फुटतं ते घरी मोठ्यानं पाच वेळा म्हणा. तरी फुटत असेल तर ते मधे हलवा, शेवटी ठेवू नका. अडलात तर श्वास घेण्याआधी पूर्ण सोडा, नजर मागच्या भिंतीवर. आजोबांकडे बघायचं ते त्यांच्या प्रसंगानंतर, आधी नाही.

शेवटचं वाक्य गाणाऱ्यांना लिहून द्या. नाहीतर गीत तुमच्या बोलण्यावर चढतं, किंवा तुम्ही जागेवर येऊन बसेपर्यंत कोणी सूरच लावत नाही.