मदत हवी आहे: टीबीच्या शिबिरात एआयचा कट-ऑफ कुणी ठरवायचा?

नमस्कार मंडळी,

आमची छोटी संस्था नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात आरोग्याचं काम करते. दिवाळीनंतर इथली बरीच माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्याआधी पाड्यांवर टीबी तपासणी उरकायची आहे. हातात धरायचं एक्स-रे मशीन आणि एक्स-रे वाचणारं एआय सॉफ्टवेअर एका देणगीदाराकडून मिळतंय. रेडिओलॉजिस्ट इकडे कोण येणार, त्यामुळे सोय मोठीच. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2021 मध्ये 15 वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली आहे, अर्थात चाळणीपुरती. निदान ट्रूनॅट किंवा सीबीनॅटनेच, म्हणजे बेडक्यातले टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनच्या चाचणीनेच.

घोडं अडलंय ते आकड्यावर. सॉफ्टवेअर 'टीबी आहे' असं सांगत नाही, 0 ते 100 मधला स्कोअर देतं. कितीच्या वर स्कोअर गेला की बेडका तपासायचा, तो कट-ऑफ आपण ठरवायचा. कंपनीचा माणूस म्हणतो, 50 ठेवा आणि निर्धास्त राहा. पण कट-ऑफ खाली ठेवला तर बेडक्याचे नमुने इतके वाढतील की तालुक्याच्या मशीनवर रांग लागेल, आणि रिपोर्ट येईस्तोवर पेशंट उसाच्या फडात. वर नेला तर खरा पेशंट 'नॉर्मल' म्हणून घरी. त्यात जुना टीबी बरा झालेल्यांच्या फुप्फुसात व्रण राहतात, त्यांचा स्कोअर उगाच वर जातो. माझ्यापुरतं एक ठरलंय: दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर मशीन काहीही म्हणो, बेडका घ्यायचाच.

सुरुवातीला स्कोअर न बघता सरसकट सगळ्यांचा बेडका तपासावा आणि त्यावरून आपल्या भागाचा कट-ऑफ काढावा, असं वाचलंय. कुणी प्रत्यक्ष केलंय का? त्यासाठी किती माणसं लागतात? आणि अंतिम सही कुणाची, जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांची की आमच्या डॉक्टरांची? 15 खालच्या पोरांचं काय करता?

दुसरं, कराराबद्दल. एक्स-रे 'उत्पादन सुधारण्यासाठी' वापरू, असं एक कलम कंपनीने हळूच घातलंय. डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा पाहता ते काढायला लावावं असं मला वाटतं. वकील मंडळींनी सांगावं. संमतीपत्र दीड पानी मराठीत आहे. वाचून दाखवलं तर आमच्या आशाताई म्हणाल्या, "दादा, हे मलाच कळलं नाही, पावरीत काय सांगू?" नुसता अंगठा उमटवून घ्यायला मन धजत नाही. कुणाकडे पावरी किंवा अशाच आदिवासी बोलीभाषेतली ध्वनिमुद्रित संमती असेल तर नमुना द्याल का?

कंपन्यांची माहितीपत्रकं कृपया नकोत, ढीगभर आहेत. शिबिरं केलेल्यांनी लिहा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.