नाव बदलले की जग बदलते?

इतिहासातले राज्य उचलून नावे बदलली की कादंबरीसाठी काल्पनिक जग तयार होते, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे ‘दानदेश’ केले; ते नाव टिकले नाही, आणि लेखकाला खरे खाद्य आहे ते या न टिकण्यातच. धर्माचेही तसेच. आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई ही देवी घरात बसते तेव्हा नारळाला नथ-डोळे लावून ती सजवतात, रोटांसाठी (नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी) घरातल्या माणसांगणिक गहू मोजतात, भाऊबंद जमतात आणि दुसऱ्या दिवशी ती वाजतगाजत नदीवर जाते. यातला नथ घातलेला नारळ (दिसायला देखणा, म्हणून) कादंबरीत सहज येतो. पण वाटण्या झालेल्या भावाचे गहू कोणाच्या घरी मोजायचे, हा पेच मात्र लेखक बहुधा बाहेरच ठेवतात.