अनुभव धागा: इटलीत बेत फसला त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं?

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मे महिन्यात आम्ही दोघं इटलीला जाऊन आलो. परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलं? मला मात्र जे आमच्या बेतात नव्हतं तेच आधी सांगावंसं वाटतं. म्हणून हा धागा. जोडीने गेला असाल आणि गाडी चुकली, बॅग हरवली, संप लागला, पाय मुरगळला, तर ते लिहाच, आणि त्या दिवशी कुठले जुने दगड बघायला मिळाले तेही लिहा. सुरुवात मी करते.

नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनातून व्हेसुव्हियसच्या पायथ्याने लोकल जातात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटून गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहराच्या अवशेषांसाठी सोरेंतोची गाडी धरायची आणि 'पाँपेई स्कावी' ला उतरायचं, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. फलाटावर गर्दी इतकी की कुणीतरी 'पाँपेई, पाँपेई' म्हणाल्यावर आम्ही समोरच्या गाडीत घुसलो. तोर्रे अनुन्झियातानंतर गाडी भलत्याच फाट्याला लागली. उतरलो ते पाँपेई सान्तुआरिओला, म्हणजे आजच्या पाँपेई गावात, तिथल्या मोठ्या चर्चजवळ. दोघंही गप्प. पंचवीस वर्षांत ती शांतता कशी असते ते आम्हाला चांगलं माहीत आहे. एका फळवालीने आमचे चेहरे पाहून हात करून दाखवलं, 'अनफितेआत्रो'. दहा मिनिटं चाललो आणि समोर अवशेषांचं पूर्वेकडचं दार. रांगेत आमच्यापुढे सहा माणसं होती.

त्यामुळे आम्ही पाँपेई उलट्या टोकाने पाहिलं. आत शिरल्याबरोबर अँफिथिएटर, म्हणजे झुंजी बघायचं गोल प्रेक्षागृह. इ.स.पू. ७० च्या सुमाराचं, म्हणजे रोमच्या कोलोसियमच्या सुमारे दीडशे वर्षं आधीचं. आत तेव्हा आम्ही दोघंच होतो. नवरा रिंगणाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला आणि मला हाक मारली. स्टेशनातून निघाल्यापासून तो बोललेला पहिला शब्द म्हणजे माझं नाव.

तिथून सरळ रस्त्याने पश्चिमेकडे चालत गेलो. दगडी रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा आहेत, इतक्या खोल की पाऊल बसावं. मध्ये मध्ये ओलांडायला उंच दगड ठेवलेत. चालणाऱ्याचे पाय कोरडे राहावेत आणि चाकंही अडू नयेत अशा बेताने. पण मी थांबले ती पावाच्या भट्टीपाशी. माझे वडील कराडला पिठाची गिरणी चालवायचे. इथे दळणाची चार जाती उभी होती, पुरुषभर उंचीची, काळ्या लाव्हाच्या दगडाची. खाली सुळका, त्यावर डमरूसारखी पोकळ तळी, तिच्यात लाकूड घालून गाढव फिरवायचं. मी वाकून टाकीचे घाव शोधले. दगड मूळचाच सच्छिद्र, त्यामुळे दळता दळता नवी धार आपोआप उघडी पडते. बाबांना हे दाखवता आलं असतं तर! शेजारीच भट्टी. अशाच एका भट्टीत ८१ पाव सापडले, इ.स. ७९ च्या त्या दिवशी आत घातलेले आणि मग कुणी बाहेर न काढलेले. पावांवर आठ भाग पाडलेले, वाटून खाण्यासाठी. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटावर नाव असतं आणि दिवसाला २०,००० माणसांनाच आत सोडतात. ओळखपत्र बरोबर ठेवा. आता तुम्ही लिहा.

* * *

नाशिकहून

ताई, तुमच्या त्या जात्यांपाशी आम्ही पोचलोच नाही. पाँपेईची तिकिटं होती त्याच दिवशी रेल्वेचा संप. तिथे त्याला 'शोपेरो' म्हणतात. तारीख आधी जाहीर होते, आम्हीच बघितली नव्हती. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या सोडतात, हे आम्हाला साडेनऊला कळलं. बायको म्हणाली, चालत जाता येईल असं काहीतरी काढ.

मी रस्त्याच्या कामातला माणूस. मुक्काम रोमला, म्हणून तिथूनच निघणारा जुना रोमन आपियन रस्ता काढला, इ.स.पू. ३१२ मध्ये सुरू केलेला. काराकाल्लाची स्नानगृहं मागे टाकून सान सेबास्तियानोच्या वेशीतून बाहेर पडलो. पहिला टप्पा वाईट आहे. रस्ता अरुंद, फूटपाथ नाही, गाड्या अंगावर येतात. तिथे बस मिळाली तर बसच घ्या. पण चेचिलिया मेतेल्लाच्या थडग्यापुढे जुनी फरसबंदी उघडी आहे. काळ्या ज्वालामुखी दगडाचे मोठमोठे चिरे, कडा एकमेकांत बसवलेल्या. मी गुडघ्यावर बसून सांध्यांवरून बोटं फिरवली. रस्ता मध्ये फुगीर, कडेला उतार, पाणी थांबायचं कारणच नाही. आज आम्ही कॅंबर म्हणतो तो हाच.

बायकोला नाणेघाट आठवला. तोही काळा दगड, तीही व्यापाराचीच वाट, आणि सातवाहनांचा माल कोकणातल्या बंदरांवरून रोमपर्यंत जायचा. एका वाटेची दोन टोकं पाहिल्यासारखं तिला वाटलं आणि ती बराच वेळ त्यावर बोलत होती. लग्नानंतर आम्ही इतकं सलग कधी चाललो नव्हतो.

* * *

श्टुटगार्टहून

आम्ही गाडीने गेलो होतो, म्हणून एवढंच: जुन्या गावांच्या मध्यभागी 'झेड-टी-एल' ची पाटी असते, पांढऱ्यावर लाल वर्तुळ. त्यापुढे बिनपरवाना गाडी न्यायची नाही. अडवायला कोणी उभं नसतं, कॅमेरा नंबर टिपतो. आम्ही एका टस्कन गावात हॉटेल शोधत तीनदा त्याच पाटीखालून गेलो. कित्येक महिन्यांनी घरी तीन वेगवेगळे दंड आले, शिवाय आमची माहिती पोलिसांना दिल्याबद्दल गाडी भाड्याने देणाऱ्यांनी पैसे कापले ते निराळेच. हॉटेल आत असेल तर आधी फोन करून त्यांना गाडीचा नंबर कळवा, बहुतेक ठिकाणी ते परवानगीची सोय करून देतात.

* * *

ठाण्याहून, निवृत्त शिक्षिका

आमचा अनुभव एर्कोलानोचा, म्हणजे पाँपेईबरोबरच गाडल्या गेलेल्या जुन्या हर्क्युलेनियमचा. पाँपेईपेक्षा लहान, पण लाकूडसुद्धा टिकलंय. दारं, तुळया, एक पलंग, सगळं कोळसा होऊन जागच्या जागी. गाव वीसेक मीटर खोल खड्ड्यात आहे आणि वर आजच्या घरांच्या गच्च्या, त्यांवर वाळत घातलेले कपडे.

जूनमधली दुपार. ह्यांना रक्तदाबाचा त्रास, सकाळची गोळी घ्यायची राहिलेली. खाली उतरताना म्हणाले, मला जरा बसू दे, आणि भिंतीला टेकून खालीच बसले. चेहरा पांढरा. मला इटालियन येत नाही, घाबरून इंग्रजीही सुचेना. मी मराठीतच ओरडले, 'पाणी, पाणी!' एक तरुण मुलगी धावत आली. तिने ह्यांचे पाय उचलून स्वतःच्या पिशवीवर ठेवले आणि ११२ ला फोन केला. दवाखान्यात पाच तास गेले. ज्याला जास्त धोका त्याला आधी, अशा क्रमाने ते बोलावतात, त्यामुळे बसावं लागतं. ईसीजी ठीक निघाला. उन्हामुळे आणि पाणी कमी पडल्यामुळे झालं होतं.

तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, अर्धं राहिलंय, जाऊया. सकाळी साडेआठला गेलो. जुन्या किनाऱ्यावर होड्या ठेवायच्या कमानी आहेत. पूर्वी वाटायचं, इथली माणसं वेळेत निसटली. मग १९८० पासून त्या कमानींत सांगाडे निघू लागले, जवळजवळ तीनशे. समुद्राकडून कुणी सोडवायला येईल म्हणून तिथे जमलेली माणसं. आज तिथे सांगाड्यांच्या प्रतिकृती आहेत, एकमेकांना बिलगलेल्या. समुद्रही आता दूर गेलाय. ह्यांनी माझा हात धरला. आमच्या पिढीत चारचौघांत हात धरत नाहीत. मी सोडवून घेतला नाही.

औषधांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट लिहून न्या, कंपनीचं नाव तिथे कुणाला कळत नाही. प्रवासविम्याचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा.

* * *

बोरिवलीहून

काकू, काका आता बरे आहेत ना? औषधांवरून आमचंही सांगते. रोमला उतरलो, सासूबाईंच्या आणि माझ्या नवऱ्याच्या गोळ्या चेक-इन बॅगेत, आणि बॅग आलीच नाही. तीन दिवसांनी मिळाली. विमानतळाच्या बाहेर पडण्याआधी तिथल्या काउंटरवर तक्रारीचा फॉर्म भरून त्याचा नंबर घ्या, नंतर दाद लागणं अवघड जातं. तीन दिवस एकाच कपड्यांवर फोरम, पॅलेटाइन, पँथिऑन सगळं केलं. पँथिऑन या जुन्या रोमन देवळात असताना पाऊस आला. घुमटाच्या माथ्यावर सुमारे नऊ मीटरचं उघडं भोक आहे, त्यातून सरी सरळ आत, संगमरवरी जमिनीवर. जमिनीला हलका उतार आणि पाणी जायला भोकं, पार रोमन काळापासूनची. सासूबाई म्हणाल्या, देवळात पाऊस येऊ दिलाय, किती चांगलं.

* * *

कोल्हापूरहून

पेस्टम. कुणी जात नाही तिथे, जावा. सालेर्नोच्या पुढं, समुद्राजवळ सपाट रानात तीन ग्रीक देवळं उभी आहेत, इ.स.पू. ५५० ते ४५० च्या दरम्यानची. खांब बघितले की मान मागं टाकावी लागते. आमचं दोघांचं तिथं जाणं ठरलं ते एका मूर्तीपायी. आमच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली, टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. शाळेच्या सहलीत पाहिली होती, समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी. आणि पेस्टमचं मूळ नाव पोसायडोनिया, म्हणजे त्याच देवाचं गाव. बायकोला म्हटलं, त्याचं गाव एकदा बघून येऊ.

रविवार होता. परतीची गाडी रद्द. स्टेशनात खिडकी नाही, माणूस नाही, पुढची गाडी थेट संध्याकाळी. रस्त्याने चालायला लागलो तर वास आला, ओळखीचा. गोठा! पुढं बघतो तर शे-दीडशे म्हशी. तिकडचं मोझरेला चीज म्हशीच्या दुधाचं असतं हे माहीत होतं, पण म्हशी समोर बघून बायकोचा चेहरा जो खुलला! तिच्या माहेरी बारा म्हशी. आम्ही कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध पिऊन वाढलेली माणसं. गोठ्याच्या मालकाला तिनं खुणेनं कास, धार, वैरण सगळं विचारलं, आणि त्यानं खुणेनंच सांगितलं. ताजं मोझरेला दिलं, दुधाचं पाणी गळत होतं. आणि उन्हं उतरताना परत देवळांपाशी गेलो. दगड मधाच्या रंगाचा झाला होता. दुपारची गाडी मिळाली असती तर ते दिसलं नसतं.

* * *

माणगावहून (रायगड)

पुरातन अवशेष नाहीत, तरी लिहितो. आमच्या तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उंब्रियात मोंतोने नावाच्या डोंगरावरच्या गावात जुलै २०२३ मध्ये त्यांचं स्मारक झालं, एक सूर्यघड्याळ. पत्नीचा आग्रह होता की रोमपर्यंत जाणार तर तिथे फूल वाहूनच यायचं. उंबर्तिदेपर्यंत पोचलो, पुढे बस नाही. चढावर चालताना एका आजोबांनी गाडी थांबवली. कुठून आलात, विचारलं. मी नाव घेतलं, 'घाडगे'. त्यांनी स्मारकाच्या समोर नेऊन सोडलं आणि आमच्याबरोबर टोपी काढून उभे राहिले.

* * *

लातूरहून

सगळं वाचून काढलं. आमची चूक साधी. नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि आमच्याकडे मंगळवारच होता.

मला तिथे एकच वस्तू पाहायची होती. १९३८ मध्ये पाँपेईत सापडलेली हस्तिदंती बाई, साधारण २५ सेंटिमीटर उंच. लोक तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात, अभ्यासक यक्षी म्हणतात. ती भारतात घडली आणि ज्वालामुखीच्या राखेखाली गेली, एवढं नक्की. तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या त्या जालन्याच्या भोकरदनला आणि आमच्या शेजारच्या तेरला. म्हणून ती आपल्याच भागातल्या कारागिराच्या हातची असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. मी इतिहासाचा मास्तर, वर्गात हे पंधरा वर्षं सांगत आलो. आणि संग्रहालयाच्या बंद दारासमोर उभा होतो. संध्याकाळी रोमची गाडी, परवा विमान. पायरीवर बसलो तेव्हा बायको म्हणाली, तुम्ही तेरची तरी नीट पाहिलीय का?

पाहिली नव्हती. घरापासून फार लांबही नाही, आणि गोरोबाकाकांच्या दर्शनाला दहादा गेलो असेन.

आल्यावर दुसऱ्याच रविवारी आम्ही तेरला गेलो. आधी काकांची समाधी, मग त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, मग लामतुरे संग्रहालय. मातीची भांडी, मणी, शंखाच्या बांगड्या, खेळण्यांच्या गाड्या. हेच ते जुन्या काळचं व्यापाराचं गाव तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाने लिहिलंय की इथून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून बिनवाटेच्या मुलखातून भडोचला नेत. इथली हस्तिदंती मूर्ती हातभरही नाही. बायकोने कंबरपट्टा, पैंजण, केसांची ठेवण एकेक करून मोजल्यासारखी पाहिली. मग फोनमध्ये नेपल्सच्या मूर्तीचा फोटो काढून शेजारी धरला आणि म्हणाली, पायांतले दागिने बघा, आपल्याकडच्या बायका लग्नात घालायच्या तसे थरावर थर.

पुढच्या वर्षी परत जायचं चाललंय. नेपल्सला बुधवारी पोचू असं तिकीट बघतोय.