‘स्वामी’वरून पुस्तकभिशीत पडलेले दोन तट

नेने (बी-३०२): रविवारच्या पुस्तकभिशीचा वृत्तांत. हजर सात. पुस्तक रणजित देसाईंचं ‘स्वामी’, थोरल्या माधवराव पेशव्यांवरची कादंबरी. पाच जण नाराज, दोघी खूश. चहा-पोहे देशपांडे वहिनींकडे, त्याबद्दल मतभेद नाहीत.

मृण्मयी (सी-१०४): काका, नाराजांत मी पहिली. आईनं “वाचच” म्हणून हातात दिलं होतं. सगळे नाटकातल्यासारखे बोलतात हो! घरात कोणी साधं “जेवलात का” म्हणत नाही.

देशपांडे (ए-२०१): अगं, १९६२ सालची कादंबरी आहे ती. साहित्य अकादमी मिळालंय तिला.

मृण्मयी: मिळू दे की. म्हणून मला आवडायलाच हवी का?

नेने: भाषेशी माझं भांडण नाही. माझी कुरकुर हिशेबाची. (आयुष्य बँकेत गेलं, इलाज नाही.) पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ला. जूनमध्ये नानासाहेब गेले. माधवराव, सोळा वर्षांचं पोर, पेशवा झालं, डोक्यावर कर्जाचा डोंगर, घरात काका टपलेला. तरी १७६३ला राक्षसभुवनला निजामाला लोळवलं, हैदरवर स्वाऱ्या केल्या, आणि १७७२मध्ये मोगल बादशहा शहा आलम दिल्लीच्या तख्तावर बसला तो मराठ्यांच्या जोरावर. यासाठी पैसा कुठून उभा केला? सावकारांना कसं थोपवलं? मला ते वाचायचं होतं. कादंबरीत मोहिमा येतात आणि जातात, लेखकाचा जीव रमतो तो वाड्यात.

देशपांडे: मग सरदेसाईंचा इतिहास, ‘रियासत’ वाचा ना भावजी! कादंबरीत माणूस शोधायचा असतो.

नेने: वहिनी, सावकाराचा तगादा लागलेला माणूस हाही माणूसच की. २७व्या वर्षी क्षयानं मरताना या गृहस्थानं लिहवून ठेवलेल्या कलमांतसुद्धा कर्ज फेडायची काळजी आहे.

सेक्रेटरी: उद्या १० ते १ टाकी सफाई. पाणी भरून ठेवा. पेशवाई नंतर.

मृण्मयी: 👍 काका, मला खरा राग आला तो शेवटाचा. शाळेच्या सहलीत थेऊरला, माधवरावांमागे सती गेलेल्या त्यांच्या बायकोचं, रमाबाईंचं वृंदावन पाहिलं होतं. चिंतामणीचं दर्शन, मग नदीकाठी ते. पोटात कालवलं होतं. इथे सगळं इतकं मंगल करून ठेवलंय की ती किती थोर एवढंच कळतं. ती घाबरली असेल का, हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

नेने: यावर त्या दिवशी कोणी बोललंच नाही.

देशपांडे: मी बोलणार होते, पण पोहे वाढत होते. एकोणिसाव्या वर्षी मला तीच पानं सगळ्यात आवडायची, पाठ होती जवळजवळ. परवा रात्री पुन्हा काढली. शेजारी नात झोपली होती, पुढच्या वर्षी ती एकोणीसची होईल. दोन पानं वाचली आणि मिटून ठेवलं पुस्तक.

देशपांडे: भावजी, वृत्तांतात पाच लिहिलंय ना? साडेपाच करा.