दहावीत सुटलेला खेळ पुन्हा धरलात का?

भाचा यंदा दहावीत गेला. ताईने पहिलं काम केलं ते त्याची बॅट माळ्यावर टाकायचं. माझीही सायकल अशाच एका जूनमध्ये जिन्याखाली गेली होती. परवा गुडघ्याच्या डॉक्टरांनी "व्यायाम काय करता?" विचारलं, तेव्हा अठ्ठाविसाव्या वर्षी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमचा खेळ कधी सुटला, कुणी सोडवला आणि परत धरला असेल तर कसा, ते लिहा. जिमची वर्षाची फी भरून चारच दिवस गेलेल्यांनीही लिहा. मी त्यातलीच.

---

आमच्याकडे (सांगली जिल्हा) खो-खो. मैदानावर नुसता फुफाटा, त्यामुळे सूर मारला की कोपर सोलायचंच. मी संरक्षणात बरी होते. तिघींच्या तुकडीत उतरायचं आणि बसलेल्या आठजणींमधून नागमोडी पळायचं. खांबाजवळ आलं की मागच्या पावलांचा आवाज ऐकायचा, मागे बघायचं नाही. बघितलं की गेलीच. नववीत जिल्ह्याच्या सामन्यात दोन मिनिटं दहा सेकंद टिकले होते, अजून पाठ आहे.

माझा खेळ दहावीने नाही, हाफ पँटने बंद केला. आजी म्हणाली, "बास झालं आता." वडील पेपर वाचत राहिले. मुलींच्या बाबतीत अभ्यास हे पुष्कळदा नुसतं निमित्त असतं, हे इथे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

बारावीनंतर हॉस्टेलला गेले. निवड चाचणीच्या आदल्या रविवारी आई भेटायला आली. डब्याच्या पिशवीत भाकऱ्यांखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली ट्रॅक पँट होती. ती काहीच बोलली नाही, मीही नाही. पुढे तीन वर्षं खेळले.

---

वरचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमचं एवढं गंभीर नाही :)

लालबागच्या बाजूचा आहे, गोविंदा पथकात. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला की सराव सुरू, तोही रात्री, म्हणजे सगळ्यांचे क्लास आणि ड्युट्या सुटल्यावर. म्हणून दहावीतही खंड पडला नाही. आधी मी एक्का होतो, सगळ्यात वरचा. मिशी फुटली तसा खाली आलो, आता बुंध्याला. वजन वाढेल तशी बढती खाली मिळते, असं दुसरं खातं दाखवा! २०१७पासून १४ वर्षांखालच्या पोरांना थरात घेता येत नाही. तेव्हा आम्ही कुरकुरलो होतो. आता माझाच पुतण्या नऊ वर्षांचा आहे, त्यामुळे कुरकुर नाही.

---

विहीर. पाठीला सुका भोपळा बांधून काकांनी ढकललं, तेच प्रशिक्षण. पुण्यात आलो तर पोहायला टोपी, चश्मा आणि डॉक्टरांचा दाखला. तिसऱ्या खेपेला दाखल्यावर शिक्का नाही म्हणून परत पाठवलं. सोडून दिलं.

---

मी ट्रेकवाला. ऑफिसातल्या पोरांबरोबर पहिल्यांदा कळसूबाई, १६४६ मीटर. बारी गावातून रात्री निघालो. डोंगर चढायला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच लोखंडी शिड्यांखाली रांगेत उभं राहण्यात गेला. पुढच्या माणसाच्या पाठीवर स्पीकर, त्यावर लग्नातली गाणी. पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा, एवढंच सांगेन. तरी उजाडताना वर पोचलो, ढग पायाखाली होते, आणि महिन्याभरात मी बूट घेतले. आता मंगळवारी रजा टाकून जातो. साहेबांना वाटतं, माझं दर मंगळवारी पोट बिघडतं.

---

दहावीच्या मुलांच्या आयांनाही बोलू द्या. क्लासची फी भरताना पोटात गोळा येतो हो. मुलगा कबड्डी खेळतो, गेल्या वर्षी बोनस गुणाच्या नादात घोटा मुरगळून आला आणि सहामाहीचे दोन पेपर बुडाले. तरी संध्याकाळचा एक तास मी ठेवलाय. तो घरी बसला की मोबाइलवर दोन तास जातात, हा माझा हिशेब.

---

सगळ्यांचे आभार. ताईला धागा वाचून दाखवला. ट्रॅक पँटपाशी ती उठून स्वयंपाकघरात गेली. बॅट अजून माळ्यावरच आहे. मी मात्र सायकल बाहेर काढली. दुकानदार म्हणाला, ट्यूब दोन्ही गेल्यात, साखळी गंजून एकजीव झालीय, शुक्रवारी या.