ऑक्टोपसच्या जाती की प्रजाती?

पानगळ:
मुलांसाठीच्या समुद्रजीवनावरच्या एका पुस्तकाचा अनुवाद करतेय. त्यात एक साधं वाक्य आहे. मी लिहिलं, "ऑक्टोपोडा या गणात सुमारे ३०० जाती आहेत." संपादकांनी 'जाती' खोडून 'प्रजाती' केलं. कारण विचारलं तर म्हणाले, मुलांच्या पुस्तकात 'जात' हा शब्द कशाला, आणि पेपरात सगळे प्रजातीच लिहितात. आम्हाला शाळेत प्रजाती म्हणजे जीनस (जवळच्या जातींचा गट) आणि जाती म्हणजे स्पीशीज असं शिकवलं होतं. शिवाय 'ऑक्टोपस' काढून 'अष्टपाद' घाला, अशीही सूचना आलीय. या आठवड्यात मजकूर द्यायचाय. कुणी ठाम सांगेल का?

निवृत्त मास्तर:
तुमचं बरोबर आहे. आठवीच्या विज्ञानातला, मोठ्या गटाकडून लहानाकडे, क्रम असा: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. ऑक्टोपस मृदुकाय संघातला, शीर्षपाद वर्गातला, ऑक्टोपोडा गणातला. तीनशे प्रजाती म्हटलं की तीनशे जीनस झाले. संपादकांना हेच कळवा.

टिवल्याबावल्या:
मास्तर, पाठ्यपुस्तक मिटल्यावर तसं कोण बोलतं? "पक्ष्यांच्या दुर्मीळ प्रजाती", "सापाची नवी प्रजाती सापडली". रोज वाचतो आपण. शब्द रुळला की रुळला. उगाच लोकांना दुरुस्त करत हिंडू नये.

निवृत्त मास्तर:
रुळला तो हिंदी बातम्यांच्या भाषांतरातून. तिथे 'प्रजाति' म्हणजे स्पीशीज, इथे प्रजाती म्हणजे जीनस. तुम्ही दोन्ही एकाच ताटात वाढताय.

कोरडवाहू:
मराठीतही एकमत होतं असं समजू नका. मराठी विश्वकोशात वनस्पतींच्या नोंदी काढून बघा, 'प्रजाती' लिहून शेजारी कंसात 'वंश' दिलेला असतो. म्हणजे तेव्हाही लिहिणाऱ्याला धाकधूक होतीच. मी तर म्हणतो जीनसला 'वंश' घ्या, स्पीशीजला 'जाती' ठेवा आणि प्रजाती हा शब्दच हद्दपार करा. सगळी भानगड त्याच्यामुळे.

टिवल्याबावल्या:
वाः! म्हणजे जातीला घाबरून पळालो आणि वंशात सापडलो.

भरतीओहोटी:
समुद्रजीवशास्त्र शिकले आहे, म्हणून थोडं लांबण लावते. इतर कुठल्या प्राण्याबाबत जाती-प्रजातीचा घोळ चालून गेला असता. ऑक्टोपसबाबत चालत नाही. कारण 'ऑक्टोपस' हे बोलण्यातलं नाव आहे आणि एका जीनसचंही नाव आहे. भूमध्य समुद्रातला नेहमीचा ऑक्टोपस म्हणजे ऑक्टोपस व्हल्गॅरिस. हे नाव क्युव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये दिलं, आणि 'व्हल्गॅरिस'मध्ये असभ्य काही नाही, नुसतं 'सर्वसाधारण'. पण उत्तर पॅसिफिकमधला तो प्रचंड ऑक्टोपस आता एन्टेरॉक्टोपस डॉफ्लेनी आहे. नारळाच्या करवंट्या गोळा करून त्यात लपणारा, तो आधी ऑक्टोपस मार्जिनेटस होता, आता अँफिऑक्टोपस मार्जिनेटस. निळ्या कड्यांचा विषारी तो हॅपलोक्लीना. सगळे ऑक्टोपसच, पण 'ऑक्टोपस प्रजाती'त या शेवटच्या तिघांतलं कुणी नाही! तेव्हा एखाद्या मुलाने "ऑक्टोपस प्रजाती" वाचलं तर त्याने काय समजायचं, एक जीनस की अख्खा गण? पानगळताई, 'जाती'वर अडून राहा.

टिवल्याबावल्या:
दहा वर्षांच्या पोराला जीनसशी काय देणंघेणं? त्याला आठ हात आणि शाई एवढं पुरे.

भरतीओहोटी:
दहा वर्षांच्या पोरांना डायनोसॉरची लॅटिन नावं तोंडपाठ असतात. तुमच्या घरात लहान मूल नसावं.

तळटीप:
नावांच्या बाबतीत थोरामोठ्यांचीही गंमतच झाली आहे. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने १७५८ च्या 'सिस्टेमा नॅच्युरी'त ऑक्टोपसला स्वतंत्र जागाच दिली नाही. सेपिया या कटलफिशच्या जीनसमध्ये घालून 'सेपिया ऑक्टोपोडिया' म्हटलं, आणि हे सगळं 'कृमी' नावाच्या मोठ्या गाठोड्यात. त्याच गाठोड्यात शंखशिंपल्यांचा गण वेगळा. अर्गोनॉट हा खरा ऑक्टोपस, पण त्याची मादी पातळ कागदासारखं कवच करते ना, म्हणून तो गेला शंखशिंपल्यांत. सख्खे भाऊ दोन वेगळ्या गणांत.

पुढे तर ते कवच अर्गोनॉटचं स्वतःचं की दुसऱ्या कुणाचं चोरलेलं, यावरच वाद. १८३० च्या दशकात सिसिलीतल्या मेसिना इथे झान विलप्रू-पॉवर या बाईंनी काचेच्या टाक्यांत अर्गोनॉट पाळून दाखवलं की मादी कवच स्वतः घडवते आणि फुटलं तर सांधतेही. आणि क्युव्हिएचा किस्सा तर सोडवत नाही. अर्गोनॉटच्या मादीच्या अंगात सापडलेला नराचा तुटका बाहू त्याला परोपजीवी किडा वाटला. त्याने त्याला नवं नाव दिलं, हेक्टोकोटायलस, म्हणजे शंभर चूषकांचा. किडा खोटा निघाला, पण नाव त्या बाहूला चिकटून राहिलं. आजही तेच वापरतात.

कोरडवाहू:
म्हणजे एका हाताची स्वतंत्र 'प्रजाती' झाली होती. टिवल्या, घ्या तुमचा रुळलेला शब्द!

माशेखाऊ मालवणी:
एवढी चर्चा आणि कुणाला 'माकूल' आठवला नाही? आमच्याकडे आजी माकूलच म्हणायची. साधा मराठी शब्द असताना अष्टपाद-बिष्टपाद कशाला?

भरतीओहोटी:
दादा, माकूल म्हणजे स्क्विड किंवा कटलफिश. दोघांना आठ बाहू आणि वर दोन लांब शुंडके, असे दहा. ऑक्टोपसला आठच बाहू, लांब शुंडके नाहीतच. जिच्या आतलं पांढरं कवच समुद्रफेस म्हणून मिळतं ती कटलफिश. ऑक्टोपसच्या पोटात फेस शोधत बसाल तर हाती काही लागायचं नाही.

माशेखाऊ मालवणी:
आजी दोघांनाही माकूलच म्हणायची. तव्यावर पडल्यावर पाय कोण मोजतो?

अक्षरवेल्हाळ:
माकूलवरून सुचलं. ॲरिस्टॉटल या प्राण्यांना 'मलाकिया' म्हणतो, म्हणजे मऊ अंगाचे. मलाकिया, माकूल. कोकणातल्या बंदरांत अरब व्यापारी होतेच. त्यांच्यामार्फत ग्रीक शब्द आला असणार. माझी खात्री आहे.

निवृत्त मास्तर:
तुमची खात्री तुमच्यापाशी. अरबीतून मराठीत आलेला 'माकूल' वेगळाच आहे. जुन्या पत्रांत तो 'रास्त, योग्य' या अर्थाने येतो. त्याचं मूळ 'मअकूल'. आणि अरबीत 'खाल्लेलं' याला 'मअकूल'सारखाच, पण वेगळ्या काफाचा ('क' अक्षराचा) शब्द आहे. नुसत्या उच्चारावर व्युत्पत्ती मांडायची तर मग तुमचा मासा रास्तही आणि खाल्लेलाही.

माशेखाऊ मालवणी:
दोन्ही बरोबर आहे हो.

पानगळ:
मंडळी, 'अष्टपाद'चं काय? संपादकांचा पुन्हा फोन आला होता.

कोरडवाहू:
अष्टपाद आधीच गुंतलेला आहे. कोळी, विंचू, गोचीड यांच्या वर्गाला मराठीत अष्टपाद म्हणतात. संस्कृतातही अष्टपाद म्हणजे कोळी. आणि पुराणातला शरभ हा प्राणीसुद्धा.

टिवल्याबावल्या:
मग 'अष्टभुज' म्हणा. हिंदीत तसंच काहीसं म्हणतात. आता मास्तर म्हणतील हिंदी नको, आणि कुणीतरी म्हणेल देवीचं नाव नको.

निवृत्त मास्तर:
हिंदी आहे म्हणून नव्हे. 'पाद' सोडायला कारण काय? मृदुकायांत सगळीकडे पादच आहे. गोगलगाय उदरपाद, हा शीर्षपाद.

भरतीओहोटी:
इथे मास्तरांशी पूर्ण सहमत. गोगलगायीचा सरपटायचा स्नायूचा तळवा असतो ना, तोच मूळ भाग शीर्षपादांत बदलून बाहू झाला आहे. म्हणून 'शीर्षपाद' हा नुसता सोयीचा शब्द नाही, त्यात शरीररचना आहे. पण एका प्राण्याचं नाव म्हणून 'ऑक्टोपस'च ठेवा. तोही 'आठ पायांचा' एवढंच सांगतो. गणाला ऑक्टोपोडा, वर्गाला शीर्षपाद. मिश्रण झालं तरी चालतं.

अक्षरवेल्हाळ:
मिश्रण चालतं म्हणूनच मराठीची ही अवस्था आहे. प्रत्येक परकी नावाला पर्याय घडवला पाहिजे.

तळटीप:
घडवा ना. 'व्हॅम्पायरोट्यूथिस इन्फर्नॅलिस' घ्या सुरुवातीला. १९०३ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ कार्ल खूनने त्याचं वर्णन केलं तेव्हा ऑक्टोपस म्हणून केलं. नावात मात्र 'ट्यूथिस', म्हणजे स्क्विड. पुढे कळलं की दोन्ही नाही, आज त्याचा गण वेगळा, आणि त्या गणात तो एकटाच. रक्त तर तो पीतच नाही, वरून गाळासारखे खाली येणारे सेंद्रिय कण खातो. नावातला एकही शब्द खरा नाही, तरी नाव टिकलं. आता याचं शुद्ध मराठी करा.

अक्षरवेल्हाळ:
नरकमाकूल.

माशेखाऊ मालवणी:
माकलाची बदनामी नको.

कोरडवाहू:
बरं, शरभावरून एक विचारायचं होतं. किल्ल्यांच्या दरवाज्यांवर शरभ कोरलेले असतात, ते सगळे चार पायांचे. मग 'अष्टपाद' शरभ कुठला? शिवनेरीचा फोटो आहे माझ्याकडे. पाय चारच.

निवृत्त मास्तर:
पुराणातला शरभ आठ पायांचा, शिल्पात मात्र सिंहाच्या धर्तीवर चारच. यावर वेगळा धागा काढा. आणि 'अष्टापद' घेतलात तर अजून वाढेल. सोनं, आठ घरांचा पट आणि जैनांचा पर्वत, सगळं त्यातच.

अक्षरवेल्हाळ:
आठ घरांचा पट! म्हणजे बुद्धिबळ. काढतोच धागा.

पानगळ:
मी 'जाती' ठेवलंय. संपादकांनी 'प्रकार' केलंय.

टिवल्याबावल्या:
प्रकार उत्तम. कुणाच्याच पोटात दुखत नाही.

भरतीओहोटी:
माझ्या दुखतंय. प्रकार म्हणजे व्हरायटी.