मदत हवी आहे: टीआरबीव्हीमध्ये (टी-पेशींच्या रिसेप्टरच्या बीटा साखळीची व्ही जनुकं) नवा अलील (जनुकाचं वेगळं रूप) की पीसीआरची चूक?

परळहून रक्त खारघरला आणतो. आरएनए काढतो, ५' रेसने (आरएनएच्या ५' टोकापर्यंत प्रत काढायची पद्धत) प्रती, प्रत्येक मूळ रेणूला यूएमआय (ओळखखूण), मग मिक्सीआर (रिसेप्टरचे अनुक्रम वाचणारं सॉफ्टवेअर). काही नमुन्यांत एका टीआरबीव्ही जनुकात ठरावीक जागी सी बेसऐवजी टी बेस दिसतो. आयएमजीटीच्या (अशा जनुकांचा संदर्भ-डेटाबेस) यादीत असा अलील नाही. नवा मानावा का? आणि रक्त बर्फात आणावं का?

प्रतिसाद १
तो टी किती वेगवेगळ्या सीडीआर३ सोबत (व्ही आणि जे जनुकं जुळतात तिथला, क्लोनागणिक बदलणारा भाग) येतो ते आधी मोजा. पीसीआरची चूक एका रेणूत होऊन त्याच्याच प्रतींत उतरते, म्हणून एकाच सीडीआर३ला चिकटलेली असते. जन्मजात फरक असेल तर शेकडो सीडीआर३ आणि निरनिराळ्या टीआरबीजेंबरोबर (व्हीला जोडली जाणारी जे जनुकं) दिसेल. मोजताना क्लोनोटाइप (वेगवेगळे रिसेप्टर) धरा, रीड्स (यंत्राने वाचलेले तुकडे) नव्हे. प्रौढांत, विशेषतः सीएमव्ही विषाणूचा संसर्ग होऊन गेलेल्यांत, एखादा फुगलेला क्लोन टक्केवारी पार बिघडवतो. यूएमआयमागे ३ पेक्षा कमी रीड्स असतील तर तो रेणू वगळा. फरक व्हीच्या अगदी ३' टोकाला असेल तर मात्र नाद सोडा. जनुकं जुळताना तिथले बेस कातरले जातात आणि टीडीटी हे एन्झाइम नवे जोडतं.

बर्फ नको. गार रक्तात फायकॉलचे (रक्तपेशी वेगळ्या करणारा द्रव) थर नीट पडत नाहीत. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) नळी, थर्माकोलचा खोका, २०-२२ अंशांवर ठेवलेले जेल पॅक. मे महिन्यात सायन-पनवेलला गाडी अडकली की डिकीत रक्त शिजतं म्हणा ना. गोठणं रोखायला हेपरिन टाळा, त्याने पीसीआर अडतो.

प्रतिसाद २
जनुकाचं नाव लिहायला हवं होतं. टीआरबीव्ही६-२ आणि ६-३ इतके सारखे आहेत की एकाचे रीड्स दुसऱ्यावर सहज लागतात.

धागाकर्ता
टीआरबीव्ही२०-१. टी सगळ्या टीआरबीजेंसोबत आहे.

प्रतिसाद २
मग आशा आहे. आता जीनोमिक डीएनएवर खात्री करा. फायकॉलनंतर लाल पेशींबरोबर तळाशी बसलेले ग्रॅन्युलोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फेकू नका, त्यांच्यात हे जनुक मूळ रूपात असतं. एक प्रायमर (पीसीआर सुरू करणारा छोटा डीएनए तुकडा) लीडरच्या (जनुकाचा सुरुवातीचा भाग) अलीकडे, दुसरा आरएसएसच्या (जनुक कापून जोडण्याची खूण) पलीकडे, दोन्ही बाजूंनी सँगर पद्धतीने अनुक्रम वाचा. पण या जनुकाची जवळपास हुबेहूब प्रत ९व्या गुणसूत्रावर आहे. प्रायमर तिथेही बसला तर दोन शिखरं दिसतील आणि तुम्ही त्याला हेटरोझायगोट (दोन वेगळे अलील असलेला) म्हणाल. म्हणून प्रायमरचं ३' टोक दोन प्रतींत वेगळ्या असलेल्या बेसवर ठेवा.

जमलं तर अनुक्रम आधी जेनबँकेत (अनुक्रमांचा सार्वजनिक साठा) द्या. अलीलला क्रमांक आपण द्यायचा नसतो, तो नामकरण समितीकडून येतो.